मानसोपचाराच्या संभाषणातून अटॅचमेंटची धाटणी कशी ओळखावी

"माझी त्याच्याशी खूप अटॅचमेंट आहे" असे मराठीत आपण सहज म्हणतो, आणि तेव्हा माया, लळा, जीव लागणे एवढेच मनात असते. मानसोपचारात हा शब्द याहून नेमक्या अर्थाने वापरला जातो. माणूस घाबरला, दुखावला, आजारी पडला किंवा एकटा पडला की तो कोणाकडे वळतो, मुळात वळतो की नाही, आणि वळल्यावर आपल्याला काय मिळेल अशी त्याची आतून अपेक्षा असते, या सगळ्याच्या ठरून गेलेल्या रीतीला अटॅचमेंटची धाटणी म्हणतात. नव्याने काम सुरू करणाऱ्या समुपदेशकाने हा फरक आधी पक्का करावा. तो केला नाही तर आईबद्दल भरभरून बोलणारा क्लायंट सुरक्षित आणि कोरडे बोलणारा असुरक्षित अशी वाटणी नकळत होते, आणि ती बहुतेक वेळा चुकते.

हे काम कोठून आले तेही थोडक्यात माहीत असावे, कारण ऐकण्याची रीत त्यातूनच निघते. बाळाला घाबरल्यावर जवळच्या माणसाचा आधार घेण्याची मूलभूत गरज असते, या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेल्या विचाराला मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड दिली. त्यांनी १९५४-५५मध्ये युगांडात आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे आया आणि तान्ही मुले यांचे त्यांच्या घरी जाऊन निरीक्षण केले. त्यांच्या 'स्ट्रेंज सिच्युएशन' या पद्धतीत साधारण वर्षाच्या बाळाला अनोळखी खोलीत आणले जाते आणि आई दोनदा थोड्या वेळासाठी बाहेर जाते. बाळ किती रडले यापेक्षा आई परत आल्यावर ते काय करते याला तेथे अधिक महत्त्व असते: ते तिच्याकडे झेपावून शांत होते, तिच्याकडे पाठ करून खेळण्यात रमल्यासारखे दाखवते, की तिला बिलगूनही रडत आणि ढकलत राहते. प्रौढांच्या बोलण्यात यांच्याशी जुळणाऱ्या धाटण्यांना पुढे अनुक्रमे सुरक्षित, टाळणारी आणि गुंतून राहणारी म्हटले आहे; शेवटच्या दोन असुरक्षित. पुढे १९८०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बर्कली येथे प्रौढांसाठी 'अडल्ट अटॅचमेंट इंटरव्ह्यू' ही मुलाखत तयार केली. तिच्यात बालपणीच्या आईशी असलेल्या नात्याचे वर्णन करणारे पाच शब्द विचारले जातात, नंतर वडिलांशी असलेल्या नात्याचे, आणि प्रत्येक शब्दाला आधार देणारा एखादा प्रसंग सांगायला लावतात. बालपण सुखाचे होते की दुःखाचे यावर वर्गवारी ठरत नाही, तर ते किती सुसंगतपणे आणि ऐकणाऱ्याला बरोबर घेऊन सांगितले जाते यावर ती ठरते. खरे असावे, पुरेसे असावे, विषयाला धरून असावे आणि स्पष्ट असावे, या पॉल ग्राइस या भाषातत्त्वज्ञाने १९७५मध्ये मांडलेल्या संभाषणाच्या चार अपेक्षा त्या मोजणीत वापरल्या जातात. संशोधक अलेस्सांद्रो तालिया आणि सहकाऱ्यांनी २०१४पासून हेच काम मानसोपचाराच्या नेहमीच्या सत्रांपर्यंत आणले. वेगळी मुलाखत न घेताही, क्लायंट समोरच्या उपचारकाशी ज्या रीतीने बोलतो तीमधून त्याची धाटणी दिसते, असे त्यांनी दाखवले.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. मेन आणि तालिया यांच्या या दोन्ही पद्धतींनी रीतसर मोजणी करायची असेल तर वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि हा लेख वाचून कोणी ती मोजणी करू शकणार नाही. कान तयार करणे मात्र कोणालाही शक्य आहे, आणि पुढील पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरणांतील संवाद समजावण्यासाठी रचलेले आहेत. ते कोणा एका व्यक्तीचे नाहीत.

पहिली पायरी: पंधरा मिनिटे शब्दशः उतरवणे

क्लायंटची लेखी संमती घेऊन एका सत्राचे ध्वनिमुद्रण करावे. ते कोण ऐकणार, कोठे ठेवले जाणार आणि कधी पुसले जाणार हे त्याला त्याच्या भाषेत सांगावे, कारण गोपनीयता हा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ने दिलेला हक्क आहे आणि उपचारातील विश्वासही त्यावरच उभा असतो. क्लायंट नको म्हणाला तर विषय तेथेच सोडावा. मग मुद्रणातील कोणतीही सलग पंधरा मिनिटे कागदावर उतरवावीत, जशीच्या तशी: "अं", "म्हणजे", अर्धवट सोडलेली वाक्ये, हसू, उसासा आणि शांतता किती सेकंदांची होती तेसुद्धा. बोली सुधारू नये. "नव्हतं" हे "नव्हते" करू नये आणि "बोल्ली" हे "बोलली" करू नये. या कामाला सहज दीड-दोन तास लागतात आणि नवा माणूस त्याला कंटाळतो, परंतु माझ्या मते याला पर्याय नाही. सत्रानंतर आठवणीने लिहिलेल्या टिपणात आपण मजकूर लिहितो आणि धाटणी गळून जाते. टिपणात "आईशी संबंध चांगले" असे असते. मुद्रणात मात्र "चांगलेच आहेत... म्हणजे, चांगलेच म्हणायचे" असे ऐकू येते, आणि कामाचे सगळे त्या "म्हणायचे"मध्ये असते.

दुसरी पायरी: योग्य जागा निवडणे

संपूर्ण लिखाणावर एकसारखे लक्ष देण्याची गरज नसते. जेथे काहीतरी दुखरे वर आले ती जागा पेन्सिलीने खुणावावी आणि त्यानंतरच्या चार-सहा ओळी पुन्हा पुन्हा वाचाव्यात. भीती, आजारपण, मृत्यू, अपमान, दुरावा, मदत मागण्याची वेळ, या त्या जागा. दुसरी तेवढीच महत्त्वाची जागा म्हणजे आपण सहानुभूतीचे काही बोललो, त्याच्या लगेच नंतरची. आई खोलीत परत आल्यावर बाळ काय करते, या प्रश्नाचे प्रौढांच्या संभाषणातील रूप येथे सापडते: जवळ आलेल्या माणसाचे हा माणूस काय करतो?

तिसरी पायरी: विशेषण आणि प्रसंग ताडून पाहणे

चाळिशीतला, नोकरीत स्थिरावलेला एक गृहस्थ झोप लागत नाही म्हणून आला आहे असे समजू. वडिलांबद्दल विचारल्यावर तो म्हणतो, "उत्तम. एकदम उत्तम. आदर्श वडील म्हणता येतील." ते आदर्श वाटले असा एखादा प्रसंग आठवतो का, असे विचारल्यावर सात सेकंद शांतता पसरते आणि मग उत्तर येते, "तसं विशेष काही नाही. शिस्तीचे होते. फी वगैरे वेळेवर भरायचे. कधी काही कमी पडू दिलं नाही." वीस मिनिटांनी, भलत्याच विषयावर बोलताना, तो सांगतो की दहा वर्षांचा असताना तो कंपाउंडच्या भिंतीवरून पडला, हात मोडला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने घरी कोणाला कळू दिले नाही. "सांगून काय होणार होतं? ओरडा बसला असता. आपली चूक, आपण निस्तरायची." आपण म्हणतो, "मोडलेल्या हाताने अख्खी रात्र काढलीत." तो हसून म्हणतो, "अहो, लहानपणी सगळ्यांचेच हातपाय मोडतात. असो. तर मी झोपेचं सांगत होतो."

हा छोटा उतारा सावकाश वाचावा, कारण टाळणाऱ्या धाटणीच्या बहुतेक खुणा त्यात आहेत. विशेषण मोठे आहे, पण त्याला आधार देणारा प्रसंग नाही. त्याच्या जागी फी आली, म्हणजे कर्तव्य आले, जवळीक आली नाही. पुढे आलेला एकुलता एक खरा प्रसंग विशेषणाच्या उलट जातो आणि ही विसंगती बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. नेमक्या दुखऱ्या क्षणी "मी" जाऊन "आपण" येतो. सहानुभूती पुढे आली की ती "सगळ्यांचेच" या शब्दाने बोथट केली जाते, आणि "असो" म्हणून दार लावले जाते. हा माणूस खोटे बोलत नाही आणि त्याला काही वाटत नाही असेही नाही. डोझियर आणि कोबॅक या संशोधकांनी १९९२मध्ये अशा प्रकारे बोलणाऱ्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मुलाखत चालू असतानाच मोजली, तेव्हा दुरावा आणि नकार यांविषयीच्या प्रश्नांना ती वाढलेली आढळली. चेहरा शांत असताना शरीर ताणलेले होते. नव्या समुपदेशकाने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण अशा क्लायंटला "भावनाशून्य" किंवा "विरोध करणारा" म्हणून टाकण्याचा मोह होतो, आणि त्या मोहाने त्याची पुन्हा तीच गत होते जी दहाव्या वर्षी झाली होती.

गुंतून राहणारी धाटणी याच्या उलट बाजूने येते. "आता परवाचंच घ्या ना मॅडम, आई फोनवर म्हणते, तुझ्या भावाला सवड नाही, तू ये, आणि मी गेले तर म्हणते कशाला आलीस, आणि मग वहिनी, म्हणजे वहिनीचं तर विचारूच नका, लग्नात ते साड्यांचं वगैरे सगळं, आणि मग तू मला बोलावलंस कशाला गं? दर वेळी मीच का? नाही, तुम्हीच सांगा मॅडम, मी काही चुकीचं बोलतेय का?" येथे भावनेची वाण नाही, उलट पूर आहे. तरीही उतारा संपल्यावर परवा नेमके काय घडले हे आपल्याला सांगता येत नाही. साड्यांचे काय झाले ते आपल्याला माहीत आहे असे गृहीत धरले आहे. "तू मला बोलावलंस कशाला गं" हे वाक्य "मी तिला म्हणाले" अशा चौकटीशिवाय थेट गैरहजर आईला उद्देशून आले आहे, म्हणजे तेवढ्या क्षणापुरते परवाचे भांडण खोलीतच चालू आहे. शेवटचा प्रश्न हा प्रश्न नसून समुपदेशकाला स्वतःच्या बाजूला ओढून घेणे आहे. आपण काही बोललो तरी ते पुरत नाही, आणि बोलायला मुळात जागाही सापडत नाही.

सुरक्षित धाटणी ओळखायला नवे लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण ती आनंदी बालपणात शोधली जाते. गिरणगावात वाढलेली पन्नाशीची एक स्त्री म्हणते, "बाबा फार मारायचे. निकाल लागला त्या दिवशी मी दोन तास जिन्यात बसून होते, घरात जायचं धाडसच होईना. शेवटी आजी खाली आली आणि मला घेऊन गेली. आत्ता सांगतानाही पोटात गोळा आला." थोडे थांबून ती पुढे म्हणते, "संपात नोकरी गेली होती त्यांची. मला हे फार उशिरा समजलं. त्यामुळे मारणं बरोबर ठरत नाही, पण समजल्यावर ते जरा निराळे दिसायला लागले." प्रसंग नेमका आहे, ऐकणाऱ्याला पुरेल एवढा आहे, आताची भावना आताच्या माणसाला सांगितली आहे, आणि वडिलांचे मन समजून घेतानाही स्वतःचे दुःख पुसलेले नाही. बालपण कठीण असूनही ही मांडणी सुरक्षित आहे. अशा क्लायंटकडून "तुम्ही मागच्या वेळी म्हणालात त्याचा उपयोग झाला" किंवा "नाही, ते मला तसं वाटत नाही" ही दोन्ही वाक्ये सारख्याच सहजतेने येतात.

चौथी खूण धाटणीची नसून धाटणी तुटण्याची आहे, आणि ती बहुधा मृत्यू किंवा अत्याचार यांच्या भोवती दिसते. अन्यथा नीट बोलणारा माणूस म्हणतो, "दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याला मी गाडीवरनं लांब जाऊ देत नाही... त्या दिवशी फोन उचलला असता तर..." मग वीस सेकंद शांतता, आणि पुढचे वाक्य ऑफिसातील सुट्यांविषयी, मध्ये काही घडले याची जाणीवही नसलेले. मृत माणसाविषयीचे "देत नाही" हे वर्तमानकाळी क्रियापद आणि ती तुटलेली शांतता मिळून सांगतात की हा आघात अजून मनात बसलेला नाही. येथे नव्या समुपदेशकाने खोदू नये. वेग कमी करावा, क्लायंटला खोलीत, आजच्या दिवसात परत आणावे आणि तो भाग सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या कामाचा अनुभवी उपचारकाबरोबर आढावा घेतो तेथे, न्यावा. बोलण्यात जीव देण्याचा विचार डोकावला तर धाटणीचा विचार पूर्ण बाजूला ठेवून आधी सुरक्षिततेचे पाहावे.

चौथी पायरी: मराठीपण वजा करून पुन्हा वाचणे

वरील खुणा मुळात इंग्रजी बोलण्यावर बेतलेल्या आहेत, आणि त्या मराठीवर आंधळेपणाने लावल्या तर निम्मा महाराष्ट्र टाळणारा ठरेल. आई-वडिलांविषयी बाहेर वाईट बोलू नये हा आपल्याकडचा संस्कार आहे, त्यामुळे पहिल्या दोन-तीन सत्रांतील "आई म्हणजे देवमाणूस" या वाक्याला खूण मानू नये. विश्वास बसल्यावरही प्रसंग येत नसेल तरच त्याची नोंद घ्यावी. "आपण" या शब्दाचेही तसेच. मुंबईच्या काही वस्त्यांत "आपण नाय घाबरत कोणाला" असे "मी"च्या जागी सर्रास म्हणतात, आणि तेथे तो दुरावा नसतो. हा माणूस क्रिकेटबद्दल बोलतानाही "आपण"च म्हणतो, की केवळ दुखऱ्या जागी "मी" सोडून "आपण"कडे जातो, हे पाहावे. गोष्ट रंगवून सांगताना "मी घरी येतो तर बाबा ओट्यावर बसलेले" असा वर्तमानकाळ मराठीत अगदी स्वाभाविक आहे, आणि "ती म्हणते, मी म्हणते" हा संवादही. नवऱ्याचे नाव न घेता "हे" म्हणणाऱ्या बाईचे बोलणे संदिग्ध ठरत नाही.

मृत्यूच्या बाबतीत तर अधिकच जपावे. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणून आईची काही इच्छा राहिली असावी, असे सांगणारा मुलगा त्याच्या समाजातील श्रद्धा सांगत असतो. त्यात आघात वाचायचा नसतो. बोलण्याचा पोत अचानक बदलला, काळ आणि कर्ता यांचा मेळ सुटला आणि बोलणाऱ्याला ते उमगलेच नाही, तरच ती खूण धरावी. मी स्वतः या पायरीला इतर सर्व पायऱ्यांपेक्षा अधिक वेळ देण्याचा आग्रह धरीन.

पाचवी पायरी: आपल्या स्वतःच्या ओळी वाचणे

लिखाणातील आपली वाक्ये वेगळ्या रंगाने अधोरेखित करावीत. टाळणाऱ्या क्लायंटसमोर आपण हळूहळू माहिती विचारण्यापुरते उरतो, किंवा "पण तुम्हाला वाईट वाटलंच असेल ना" असा लकडा लावतो. गुंतून राहणाऱ्या क्लायंटसमोर आपण भाऊ-वहिनीविरुद्ध बाजू घेतो, सल्ले देतो किंवा मनातल्या मनात घड्याळाकडे पाहतो. यात आपलीही धाटणी मिसळलेली असते. डोझियर आणि सहकाऱ्यांच्या १९९४च्या अभ्यासात सुरक्षित धाटणीचे मदतनीस क्लायंटच्या वरवर दिसणाऱ्या मागणीखालची गरज ओळखून प्रतिसाद देताना आढळले, तर असुरक्षित धाटणीचे मदतनीस वर दिसणाऱ्या मागणीलाच प्रतिसाद देत होते. म्हणून सुपरव्हिजनला जाताना "क्लायंट टाळणारा आहे" असा निष्कर्ष नेऊ नये. त्या सहा ओळी न्याव्यात, आपल्या वाक्यांसकट.

सहावी पायरी: पुढच्या सत्रात वापरणे

धाटणीचे नाव क्लायंटला सांगू नये. ते ऐकून कोणाला बरे वाटत नाही, आणि इंटरनेटवरच्या चाचण्यांमुळे अनेक जण आधीच स्वतःवर शिक्का मारून आलेले असतात. एकाच वाक्यावरून मतही बनवू नये. त्याच प्रकारच्या जागी तीच चाल निदान तीन-चार वेळा दिसली, तर ती अंदाज म्हणून वहीत लिहावी, आणि तिच्या विरोधात जाणारी वाक्येसुद्धा शेजारीच लिहावीत.

टाळणाऱ्या माणसाशी बोलताना भावनेचे नाव विचारण्याऐवजी प्रसंगाचे तपशील विचारावेत: ती रात्र कोठे काढली, हात कोणत्या कुशीला धरला होता, सकाळी शाळेत गेलात का? तपशिलातून भावना स्वतःच्या पायाने येते आणि ती आल्यावर तिच्याभोवती गलका करू नये. गुंतून राहणाऱ्या क्लायंटला मध्येच, पण मायेने थांबवावे लागते: "थांबा, मला फक्त परवाचा फोन नीट समजून घ्यायचा आहे. आई आधी काय म्हणाल्या?" अशा थांबवण्याचा नव्या समुपदेशकाला संकोच वाटतो. मात्र एक प्रसंग पूर्ण सांगून झाला आणि तो कोणीतरी पूर्ण ऐकला, हा त्या क्लायंटसाठी नवा अनुभव असतो. "तुम्हीच सांगा" याला हो किंवा नाही असे उत्तर न देता, "मी तुमच्या बाजूने आहे की नाही याची आत्ता काळजी वाटते आहे का?" असे विचारता येते.

साधारण दहा सत्रांनंतर पुन्हा संमती घेऊन आणखी पंधरा मिनिटे उतरवावीत आणि पहिल्या लिखाणाशेजारी ठेवून केवळ खुणावलेल्या जागा ताडून पाहाव्यात. झोप लागत नाही म्हणून आलेल्या त्या गृहस्थाच्या बोलण्यात तेव्हाही "असो" असेलच. त्या "असो"नंतर तो लगेच विषय बदलतो, की तीन-चार सेकंद थांबून "तो हात अजून पावसाळ्यात दुखतो" असे काही सांगतो, एवढेच पाहावे आणि तारखेसह जसेच्या तसे लिहून ठेवावे.